डब्यातलं दूध आणि दारातली गाय

मागच्या रविवारी पुण्याहून भाचा आला. पिशवीतून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडायला लागला. झाकणाचा छोटासा स्टीलचा फिल्टर, व्हिएतनामी कॉफीचं पाकीट आणि कंडेन्स्ड मिल्कचे दोन डबे. म्हणाला, "आत्या, आज तुला खरी व्हिएतनामी आइस्ड कॉफी पाजतो."

आता भांडगावातली उन्हाळ्यातली दुपार, हायवेवरून येणारा गरम वारा, आणि कुणी आयती बर्फाची कॉफी हातात देतंय. नाही कोण म्हणणार? प्यायले. छान होती. सासूबाईंनीसुद्धा "कडू आहे गं" म्हणत म्हणत ग्लास रिकामा केला :-)

भांडण सुरू झालं ते नंतर. संध्याकाळी माणसं वाढली आणि डबे संपले. मी म्हटलं, थांब, घरचं दूध आटवते. तर म्हणे, "नको आत्या, त्याला ती ऑथेंटिक चव येत नाही. डबाच लागतो." आणि गाडी काढून डबा आणायला निघाला! इकडे दारात गायी, नुकतीच धार काढलेली, आणि कॅन डेअरीला निघालेला. त्या कॅनच्या शेजारून हा पठ्ठ्या डब्यातलं दूध विकत आणायला गेला.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

आधी एक विचारते. व्हिएतनामी लोक कॉफीत डब्यातलं दूध का घालतात? चवीला भारी लागतं म्हणून? नाही. त्यांच्याकडे ताजं दूध मिळत नव्हतं म्हणून! फ्रेंच मिशनऱ्यांनी तिथे कॉफीचं झाड नेलं ते १८५७ मधे. (आपल्याकडे तेव्हा उठाव चालला होता.) तिथली हवा दमट, उष्ण, दुभत्या गायी पाळायची रीत नाही, फ्रिज तर नाहीच. फ्रेंचांना तर दूध घातलेल्या कॉफीची सवय. त्याच सुमारास, १८५६ मधे, अमेरिकेत गेल बोर्डन नावाच्या माणसाने दूध आटवून टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. साखर घातलेलं असं दूध उघड्या कपाटातही महिनोन् महिने टिकतं. मग ते डबे बोटीतून तिकडे गेले आणि कॉफीत पडले. म्हणजे ज्याला आपण आज ऑथेंटिक म्हणतो ती मुळात अडचणीतून काढलेली वाट आहे.

पुढचं ऐका. १९४६ मधे हनोईत दुधाची टंचाई आली, तेव्हा तिथल्या एका बड्या हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान गियांग यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्या अंडा कॉफीसाठी लोक आज लांबून हनोईला जातात. त्यांना कुणी म्हणालं असतं, "अहो, डबाच लागतो," तर ती कॉफी जन्मालाच आली नसती.

भाच्याने या कॉफीचं नावही शिकवलं मला, का फे सुअ दा. का फे म्हणजे कॉफी, सुअ म्हणजे दूध, दा म्हणजे बर्फ. मी म्हटलं, बघ, यात डबा कुठेय? तर म्हणे, तिथे कॉफीच्या बाबतीत सुअ म्हटलं की डब्यातलंच समजतात. असेल. जे मिळत होतं त्यालाच ते दूध म्हणाले. मग आपल्याला जे मिळतं त्याला आपण दूध म्हणायला का लाजतो?

नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून करूनही पाहिलं. आणि पहिल्यांदा तोंडावर आपटले, तेही सांगते. आमच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर. म्हटलं, साखर तरी कशाला, घरात ढेप आहे की! उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दूध फाटलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, गुळाने दूध नासतं हे माझ्या आजीला ठाऊक होतं." तेव्हा "आपल्याकडे सगळं आहेच" म्हणून छाती फुगवणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं. त्यात मीपण आले. घरचं वापरायचं म्हणजे डोळे मिटून वापरायचं नाही.

मग नीट केलं. एक लिटर गायीचं दूध, सव्वादोनशे ग्रॅम साखर, चिमूटभर खाण्याचा सोडा. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच, आणि हात थांबू द्यायचा नाही. बासुंदीला साय धरू देतो, इथे साय धरता कामा नये, नाहीतर ग्लासात तरंगते. पाऊण ते एक तासात दूध तिसऱ्या हिश्शावर येतं. तेव्हा जरा पातळच उतरवायचं, गार झाल्यावर दाट होतं. साधारण एका डब्याएवढं निघतं.

कॉफीसाठी आमच्या जाऊबाईंचा दाक्षिणात्य पितळी फिल्टर वापरला. वरच्या भांड्याला भोकं, पावडरवर दाबायला चकती, उकळतं पाणी घातलं की थेंब थेंब खाली. भाच्याच्या फिल्टरची करणी वेगळी काय आहे? पावडर कर्नाटकातली, रोबस्टा जास्त असलेली, कडक भाजलेली. व्हिएतनामही जगाला मुख्यतः रोबस्टाच पुरवतो. आपली जायफळवाली इन्स्टंट कॉफी मात्र इथे चालत नाही, ती पावडर बर्फात पाणचट होते. ग्लासात तीन चमचे आटवलेलं दूध, त्यावर अर्धा कप दाट कॉफी, गरम असतानाच ढवळायचं आणि मग ग्लासभर बर्फावर ओतायचं. झालं!

चव तीच आली का? नाही. खोटं कशाला बोलू. कारखान्यात दूध निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर आटवतात, म्हणून ते पांढरट राहतं. घरचं गुलाबीसर होतं आणि खव्याकडे झुकतं. टिकतंही आठवडाभरच, तेही फ्रिजमधे. ज्याच्या दारात गाय नाही त्याने खुशाल डबा फोडावा, माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार "त्याशिवाय ती खरी नाही" या वाक्याबद्दल आहे.

कारण हे वाक्य कॉफीपुरतं राहत नाही. आमचं दूध रोज मशिनवर तपासलं जातं. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ भरलं तर ठरलेला भाव, पॉइंट कमी पडला की पैसे कापले. २०२४ मधे भाव एवढे पडले की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. एका डब्याच्या पैशात आमच्याकडचं तीन-चार लिटर दूध येतं. दूध विकणाऱ्या घरानेच दूध डब्यातून विकत आणायचं आणि वर आपलं ते खरं नाही म्हणायचं? बाकीच्यांनी आपल्या दुधाला कमी लेखलं तर आपण आंदोलनं करतो. घरातल्या पोराने लेखलं तर गप्प बसतो.

भाच्यावर राग नाही माझा. गुणी पोरगं आहे, स्वतः करून पाजतो, किती जण करतात? काल फोनवर सांगितलं त्याला, पुढच्या वेळी फिल्टर आण, पाकीट आण, डबा मात्र आणू नकोस. पातेल्याजवळ तासभर उभा राहा आणि हात थांबू देऊ नकोस.

म्हणाला, "बरं आत्या, पण दूध लागलं तर?"

लागलं तर लागलं. गायी उद्याही दूध देणार आहेत.