त्यागाचा जमाखर्च

कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी द्विनोंदी पद्धत शिकवतात. एका खात्याच्या नावे रक्कम टाकली की दुसऱ्या खात्यावर तेवढीच जमा पडली पाहिजे. नाहीतर तेरीज जुळत नाही. हा नियम मी एकदा आपल्या त्यागाला लावून पाहिला, आणि तेरीज काही जुळेना.

एकादशीचेच घ्या. आमच्या मोरजीत काय किंवा इथे काय, त्या दिवशी भात सुटतो आणि साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, केळी यांवर रोजच्या जेवणाहून अधिक खर्च होतो. बरे, कुणी खरोखरच निराहार राहिले, तरी वाचलेला तांदूळ जातो कुठे? डब्यातच राहतो. मन शुद्ध झाले असेल, ते मी नाकारीत नाही. पण दुसऱ्या कुणाच्याही खात्यावर काही जमा झाले नाही, एवढे खरे.

गोव्यातले ख्रिस्ती शेजारी ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा करेज्म पाळतात. मांस-मद्य सोडायचे आणि वाचलेले गरिबांना द्यायचे, ही त्यामागची जुनी कल्पना. (किती जण पाळतात हे विचारू नये, एकादशीबद्दल आपल्यालाही कुणी विचारू नये.) या कल्पनेला मुक्तिफौजेने हिशेबाची शिस्त लावली. १८८६ साली जनरल विल्यम बूथ मिशनच्या कामासाठी देणग्या मागत असता जॉन कार्लटन या अधिकाऱ्याने कळवले की, माझ्याजवळ मोठी रक्कम नाही. पण वर्षभर जेवणातले पुडिंग सोडले तर पन्नास शिलिंग वाचतील, ते देईन. बूथनी त्यातूनच स्वार्थत्यागाचा आठवडा सुरू केला आणि ती प्रथा जगभर पसरली. पन्नास शिलिंग ही काही डोळे दिपवणारी रक्कम नव्हे. पण ती कुठून वजा झाली आणि कुठे जमा झाली, हे स्पष्ट दिसते.

आपल्याकडे या विषयात पहिले नाव घ्यावे लागते पंडिता रमाबाईंचे. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. आपला पैसाफंड याच जातीचा, पण नंतरचा. मला अधिक कौतुक वाटते ते रमाबाईंच्या दूरदृष्टीचे. दहा वर्षांची मुदत संपेल तेव्हा काय, म्हणून त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. दुसऱ्याच्या त्यागावर कायमचे जगायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बायबलाच्या भाषांतरासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम हातावेगळे केले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवीत होत्या आश्रमातल्याच मुली व बाया.

इथे कुणीतरी विचारील, आणि विचारावेच, की हा सगळा पैसा धर्मांतराचाच नव्हता काय? शारदासदनात धर्मप्रसार होणार नाही असे ठरले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. गोव्याच्या माणसाला तर हा प्रश्न अधिकच बोचतो. १५६० ते १८१२ पर्यंत इथे इन्क्विझिशन होते. आमचे पेडणे पोर्तुगीजांकडे गेले १७८८ मध्ये, म्हणून तिथली देवळे बव्हंशी वाचली. सासष्टी-बारदेशच्या देवांना मात्र नदी ओलांडून पळावे लागले. माझे मत असे, की तलवारीच्या जोरावर चाललेला धर्मप्रसार आणि पुडिंग सोडून दिलेला शिलिंग एकाच खात्यावर टाकू नये. पण देणाऱ्याचा त्याग खरा असला म्हणून घेणाऱ्याच्या मनावर त्याचा हक्क पोचत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला ताटासमोरची प्रार्थना नाकारण्याची मोकळीक कितीशी असणार? या बाबतीत मी रानड्यांच्या बाजूचा.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण निराळे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताची सेवा परक्याच्या पगारावर का करायची, हा त्यांचा सवाल. बाणेदारपणाच तो! पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना माझ्यातला कॉमर्सचा विद्यार्थी अडखळतो. टिळक दिसेल त्याला देऊन मोकळे होत, आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. पुण्य जमा एकाच्या खात्यावर, खर्च मात्र दुसरीच्या नावे. मिशन असो, समाजकार्य असो, की राष्ट्रकार्य. मोठ्या माणसांच्या चरित्रांत ही नोंद बहुधा राहून जाते. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मंगळसूत्रही विकले, हे निदान आपण शाळेत ऐकलेले तरी आहे.

म्हणून मला मिझोरमच्या बायकांची रीत सर्वांत जवळची वाटते. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून प्रत्येक जेवणाचा तांदूळ शिजायला घालण्यापूर्वी घरची बाई त्यातला मूठभर बाजूला काढते. तो गोळा करून विकतात आणि त्यावर मिशनचे काम चालते. इथे त्याग सगळ्या घराच्या भांड्यातून वजा होतो. परदेशी देणगीवरचे नियम २०१० च्या कायद्याने आणि २०२० च्या दुरुस्तीने कडक झाले आहेत. सगळी परकीय रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरलेल्या शाखेतूनच यावी लागते. तेव्हा मिशनची असो वा मठाची, परक्या डॉलरवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला आता घरच्या मुठीचाच विचार करावा लागणार.

आपल्या कॉलेजपुरती एक सूचना करतो. आठवड्यातून एक दिवस कॅन्टीनचा चहा सोडावा आणि त्याचे पैसे त्याच दिवशी वर्गाच्या डब्यात टाकावेत. घरून जादा मागून आणलेले पैसे चालणार नाहीत, कारण तो त्याग वडिलांचा होतो. सत्राच्या शेवटी ती रक्कम जवळच्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला द्यावी, ते कुठल्या धर्माचे हे न पाहता. हिशेब सूचनाफलकावर लावावा. देणाऱ्यांची नावे लावू नयेत. वहीचे काम मी करायला तयार आहे.