सोन्याची गार आणि छातीतली धूळ

सोन्याचा भाव चढला की लक्ष्मी रस्त्यावर चर्चा वाढते आणि बातम्यांत सोन्याचे साठे सापडू लागतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नागपूर जिल्ह्यातल्या परसोडीचे नाव अशा वेळी हमखास निघते. साठा किती, खाण कधी, रोजगार किती, हे प्रश्न लगेच विचारले जातात. ज्या दगडात हे सोने असते, त्या दगडाची चौकशी मात्र कोणी करत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथेच आहे.

तो दगड बहुतेक वेळा गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाडायची तीच ही गारगोटी. पुण्याच्या काळ्या कातळात सोन्याची शीर मिळायची नाही. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि सोन्याच्या शिरा असलेले आपल्या देशातले खडक त्याच्या कितीतरी पट जुने. कर्नाटकातल्या कोलारचे खडक सुमारे २७० कोटी वर्षांचे आहेत. जमिनीखाली काही किलोमीटरवर तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सिअसला तापलेले पाणी प्रचंड दाबाखाली खडकांतून फिरत होते. त्यात सिलिका विरघळलेली होती आणि गंधकाच्या संगतीने अगदी सूक्ष्म प्रमाणात सोनेही. भूकंपाने खडकाला तडा गेला की दाब एकदम उतरे आणि विरघळलेली सिलिका गारगोटी होऊन त्या भेगेत बसे. आजूबाजूच्या खडकातले लोह गंधक ओढून घेई. गंधकाची साथ सुटली की सोन्यालाही तिथेच थांबावे लागे. भेग पुन्हा उघडे, पुन्हा भरे. असे असंख्य वेळा झाले तेव्हा कुठे एक शीर तयार झाली.

सोने गारगोटीपासून वेगळे करायचे तर गारगोटी फोडावी लागते, दळावी लागते. एक टन दगडात पाच ग्रॅम सोने निघाले तरी खाण चांगली समजतात. म्हणजे दहा ग्रॅमच्या अंगठीसाठी दोन टन दगडाचे पीठ! सराफी पेठेतली झाडलोट धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी जे मूठभर मातीत करतात, तेच खाणीत डोंगराएवढ्या दगडावर करावे लागते. फरक एवढाच, की झारेकऱ्याचे काम पाण्यात चालते आणि खाणीतली जुनी ड्रिल कोरडी चालत.

सिलिका तशी सगळीकडे आहे. पुण्याच्या कातळातही ती वजनाने जवळजवळ निम्मी असते; पण तिथे ती लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्याशी बांधलेली असते. गारगोटीतली सिलिका मोकळी आणि स्फटिकरूप. तिचा पाच मायक्रॉनहून बारीक कण, जो डोळ्याला दिसतही नाही, फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतो. तिथली पहारेकरी पेशी त्याला जंतू समजून गिळते, पचवू शकत नाही आणि स्वतःच फुटते. कण पुन्हा मोकळा. त्याला दुसरी पेशी गिळते. या झटापटीत फुप्फुसात वणांच्या गाठी होतात. नुकत्याच फुटलेल्या गारगोटीची धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक घातक असते, हे आणखी एक दुर्दैव. काम सोडले तरी आजार पुढे सरकू शकतो. याला सिलिकोसिस म्हणतात आणि झालेले वण भरून काढणारे औषध आजही नाही.

कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोने देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. १९४०च्या दशकात तिथल्या साडेसात हजारांवर कामगारांची तपासणी झाली, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक जणांच्या छातीत सिलिकोसिस आढळला. म्हैसूर संस्थानाने १९४० मध्येच या आजारासाठी नुकसानभरपाईचे नियम केले होते. कोलारच्या सोन्याची कहाणी सांगताना ही पाहणी सहसा गाळली जाते. विदर्भात खाण होवो न होवो, पहिला खड्डा घेण्याआधी ती समोर ठेवली पाहिजे. पाण्याची ड्रिल, खेळती हवा आणि कामाला लागण्यापूर्वीचा छातीचा एक्स-रे यांचा खर्च खाणीच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला जावा.

पुणेकरांना हे सगळे दूरचे वाटेल. पण हीच गारगोटी आता नव्या सदनिकांच्या स्वयंपाकघरात आली आहे. ‘क्वार्ट्झचा ओटा’ म्हणून जो विकला जातो, तो बहुधा गारगोटीची पूड राळेत घट्ट करून बनवलेला असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. तयार ओट्यापासून घरच्यांना काही धोका नाही. धोका आहे तो सिंकसाठी भोक पाडताना बंद खोलीत कोरडा ग्राइंडर चालवणाऱ्या कारागिराला. खाणीत जो आजार व्हायला वीस वर्षे लागत, तो या कामात काही वर्षांतच होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे खाण आणि कारखान्यांच्या कायद्यांत सिलिकोसिस हा सरकारला कळवावा लागणारा आजार आहे. पण कुणाच्या तरी बाराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला कारखाना कोण म्हणणार?

असा कारागीर दवाखान्यात येतो तेव्हा खोकला, धाप, घटलेले वजन आणि एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग असतात. निदान क्षयाचे होते. ते दर वेळी चुकीचे असते असेही नाही, कारण सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो. पण क्षयाचे औषध संपले की तो पुन्हा त्याच ग्राइंडरकडे जातो. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली लिहून ठेवले, की रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे. आपल्या केसपेपरवर त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘मजुरी’. दगड कापतोस का, कोणता, आणि कापताना पाणी सोडतोस का, एवढे तीन प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. ओटा बसवून घेणाऱ्या घरमालकानेही कापण्याचे काम कारखान्यात, पाण्याखाली करून आणायला सांगावे आणि त्याचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.