नव्या इमारतीत मोटारीला जागा, स्कूटरला जागा. मग सायकल लावायची कुठे?

समजा, खाप्यात कुणी दुकानांचं दुमजली संकुल बांधायला काढलं. नकाशा मंजुरीसाठी नगरपरिषदेत जाणार. त्यात पार्किंग किती दाखवायचं हे बांधणारा ठरवत नाही, आणि नगरपरिषदही ठरवत नाही. ते २०२० सालीच मंत्रालयात ठरलंय. तिथे केलेल्या पार्किंगच्या तक्त्यात वाहनांचे रकाने दोनच आहेत: मोटार आणि स्कूटर. सायकलचा रकानाच नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? सायकल काय, कुठेही भिंतीला टेकवता येते. पण टेकवलेली सायकल वॉचमन हलवायला लावतो, दुकानदार बाजूला ढकलतो आणि चोर उचलून नेतो. चारदा असं झालं की माणूस हप्त्यावर बाइक घेतो. मग म्हणायचं, आता सायकल चालवतंय कोण?

नियम नेमका काय आहे?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळी तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. त्याआधी वेगवेगळ्या शहरांचे नियम वेगवेगळे होते. आता मुंबई, एमआयडीसी आणि काही संवेदनशील भाग सोडले, तर जवळपास सगळ्या राज्याला एकच पुस्तक. पुणे महापालिकेला जे, तेच सावनेर तालुक्यातल्या कन्हानकाठच्या खापा नगरपरिषदेला.

या पुस्तकात एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. स्कूटरसाठी दोन चौरस मीटर. घरांच्या इमारतीत किती मोटारी आणि किती स्कूटर, हे फ्लॅटच्या चटई क्षेत्रावरून ठरतं. फ्लॅट मोठा, तर मोटारींची जागाही जास्त. दुकानं आणि कार्यालयांना क्षेत्रफळाचा हिशेब लागतो.

लहान गावांत पुण्याइतक्या मोटारी नसतात, हे सरकारलाही माहीत आहे. म्हणून तक्त्यातला आकडा लहान शहरांसाठी एका गुणकानं कमी करायची सोय ठेवली आहे. मोटारी कमी झाल्या, स्कूटर कमी झाल्या, इथपर्यंत ठीक. पण मोटारी कमी असलेल्या गावात सायकली जास्त असतात, आणि शून्याला कुठल्याही गुणकानं गुणलं तरी उत्तर शून्यच येतं.

हा रकाना आधी होता

सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या १९८७ च्या बांधकाम नियमांत मोटार, स्कूटर आणि सायकल असे तिन्ही हिशेब होते. एका सायकलला अर्धा मीटर बाय १.४ मीटर. म्हणजे एका मोटारीच्या जागेत कागदावर तरी सतरा सायकली. (प्रत्यक्षात हँडलात हँडल अडकतं, त्यामुळे बारा धरा. तरी हिशेब वाईट नाही.)

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पुढच्या तीन वर्षांत राज्याची नवी नियमावली आली आणि तिच्या तक्त्यात सायकल दिसेनाशी झाली. सायकल बंद करा असं कुणी ठरवलं होतं, असं मला वाटत नाही. तक्ता सुटसुटीत करताना जिच्यासाठी कुणी भांडत नाही ती ओळ आधी जाते.

गंमत म्हणजे हेच सरकार सायकली वाटतंही. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ही रक्कम आधी ३,५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५,००० झाली. केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयानं २०२० मध्ये शहरांसाठी सायकलींची स्पर्धा घेतली, त्यात नागपूरही उतरलं. म्हणजे एक खातं सायकल देतं, दुसरं ती चालवा म्हणतं आणि ती लावायची कुठे ते तिसऱ्याच्या पुस्तकात नाही.

सायकल आहे कुणाची?

२०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या लोकांना कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. देशभरात साधारण १३ टक्के लोक सायकलनं जात होते. त्याच जनगणनेत जवळपास ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार होती पाच टक्क्यांहून कमी कुटुंबांकडे. आकडे जुने आहेत, त्यानंतर बाइक खूप वाढल्या, हे खरंच. पण नवे नियम लिहिताना सायकल शून्य धरावी, इतकंही काही बदललेलं नाही.

खरी गोची इथे आहे. घरांसाठीचा तक्ता फ्लॅटचा आकार बघून मालकाकडे कोणती गाडी असेल याचा अंदाज बांधतो. पण त्या इमारतीत येणारी सायकल बहुतेक वेळा मालकाची नसतेच. ती रात्रपाळीच्या वॉचमनची असते, धुणीभांडी करणाऱ्या मावशींची असते, पेपरवाल्याची असते. दुकानांच्या संकुलात ती काउंटरवरच्या पोराची आणि वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेल्या मुलींची असते. ही माणसं सोसायटीच्या सभेत बसत नाहीत आणि नकाशावर सहीही करत नाहीत.

म्हणून मोजायचं ते इमारतीत येणाऱ्या माणसांना. युरोपीय संघानं २०२४ च्या इमारतींच्या निर्देशात हेच केलंय. तीनपेक्षा जास्त मोटारींचं पार्किंग असलेल्या नव्या निवासी इमारतीत दर घरामागे किमान दोन सायकलींची जागा. दुकानं-कार्यालयांसाठी मात्र ती इमारत वापरणाऱ्यांच्या संख्येवर सायकलींचा हिशेब. सायकलींचा देश म्हणवणाऱ्या नेदरलँड्सनंही २००३ मध्ये नव्या घरांतल्या सायकलखोलीची अट काढून टाकली होती. २०१२ मध्ये ती परत आणावी लागली.

खाप्यात कुठे फरक पडेल?

सगळीकडे नाही. गावात बहुतेक घरं लहान भूखंडांवर असतात, आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी यूडीसीपीआरनं परवानगीची पद्धतच सोपी केली आहे. घरमालक सायकल ओसरीत लावतो, त्याला तक्ता लागत नाही. फरक पडेल तो दुकानांच्या संकुलात, बँकेच्या इमारतीत, दवाखान्यात, मंगल कार्यालयात, शिकवणीवर्गात. जिथे माणूस तासभर ते दिवसभर थांबतो आणि सायकल नजरेआड राहते, तिथे.

जागा म्हणजे नुसता पांढरा पट्टाही नव्हे. तळघरात उतरायचा तीव्र उतार असेल तर सायकल तिथे कुणी नेत नाही. जागा हवी जमिनीच्या पातळीवर, दाराजवळ, चौकट कुलपानं बांधता येईल अशा लोखंडी कमानीसह. आणि वर छप्पर हवंच. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन तास उन्हात उभी राहिलेली सायकल काय होते, ते सीटवर बसणाऱ्याला विचारा.

खर्चाचा मुद्दा बिल्डर काढतील. पण एका मोटारीच्या जागेत डझनभर सायकली मावतात, त्यामुळे 'इतक्या सायकलींमागे एक मोटार कमी दाखवा' अशी मुभा दिली तर त्यांचा पैसा वाचूही शकतो. अशी अदलाबदल मात्र नियमातच लिहावी लागेल.

ती लिहिणार कोण? राज्य सरकार. यूडीसीपीआरमध्ये आल्यापासून अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नगरपरिषदही फेरबदलाचा प्रस्ताव पाठवू शकते. त्यासाठी आधी सूचना प्रसिद्ध होते आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. तोवर थांबायचं नसेल, तर तक्त्यातला आकडा किमान आहे, कमाल नाही, एवढं लक्षात ठेवावं. नगरपरिषदा स्वतःही व्यापारी गाळे बांधतात, आणि त्या गाळ्यांसमोर दहा लोखंडी कमानी आणि पत्र्याचं छप्पर टाकायला मंत्रालयात जावं लागत नाही.