बाटल्या उतरवा, फवारा थांबवा

महोदय,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. ती आपल्या आवक नोंदवहीत चढली, त्यांच्यावर शिक्के पडले, आणि ती तिथेच राहिली.

हा इशारा आहे. अंबड गाव, औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या या टोकाचे रहिवासी, माळी, मधपाळ आणि पक्षिमित्र यांच्या वतीने तो दिला जात आहे. जाहीरपणे दिला जात आहे.

विषय आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

आपल्या बागेत लाल बाटल्या टांगल्या गेल्या. उलट्या टांगायच्या, खाली प्लॅस्टिकची पिवळी फुले असलेल्या. आत साखरेचे रंगवलेले पाणी. शेजारी फलक : पक्ष्यांसाठी. नारळ फुटला. फोटो निघाले.

या बाटल्या ज्या पक्ष्यासाठी बनतात त्याचे नाव हमिंगबर्ड. तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. तो अंबडला येणार नाही. पाथर्डी फाट्यापर्यंतसुद्धा येणार नाही.

इथे शिंजीर आहे. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. दोघेही फुलांतला रस पितात, पण बहुतेक वेळा बसून पितात. त्यांना चोच घालताना पाय टेकायला दांडी लागते. आपल्या बाटल्यांना दांडी नव्हती.

हे आम्ही तेव्हाच सांगितले. ऐकून घेतले गेले. चहा देण्यात आला.

मग मधमाशा आल्या.

त्या का आल्या, हेही आम्ही लेखी दिले होते. पुन्हा देतो. यानंतर देणार नाही.

उलटी बाटली उन्हात टांगली की आतली हवा तापते. तापलेली हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते. एप्रिलच्या दुपारी नाशिकचे ऊन चाळिशीला टेकते. बाटली थेंब थेंब गळू लागते. खालची फरशी चिकट होते. माशीला याहून स्पष्ट निमंत्रण लागत नाही.

निमंत्रणाचा रंगही आपणच निवडला. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. पिवळा उत्तम दिसतो. पाण्यातला लाल रंग पक्ष्याच्या काही कामाचा नाही, आणि खालची पिवळी फुले माशीच्या नेमकी कामाची आहेत.

पाणीही चुकले. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, एवढेच प्रमाण पुरते. बागेत त्याचा पाक केला जात होता. जितके गोड, तितकी माशी जास्त. त्यात कुणीतरी पुण्यकर्म म्हणून गूळ आणि मधही घातला. तो उन्हात आंबला. बाटलीच्या तोंडाशी काळी बुरशी धरली. ती आम्ही बोटाने पुसून आपल्या प्रतिनिधीला दाखवली. त्यांनी रुमाल पुढे केला.

एका मधमाशीला ठिकाण सापडले की ती पोळ्यावर परतून नाचते. त्या नाचातून बाकीच्यांना दिशा आणि अंतर कळते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडून दाखवले आणि १९७३ चे नोबेल त्यांना मिळाले. आपल्या बागेचा पत्ता परिसरातल्या पोळ्यांना असाच मिळाला. मागून गांधीलमाश्याही आल्या. त्यांना साखर हवी असते आणि साखरेवर आलेली माशीसुद्धा चालते.

मुलांना डंख झाले. हे आम्ही नाकारत नाही. एखाद्याच्या जिवावर बेतू शकते हेही आम्हाला कळते. म्हणूनच आम्ही सुरुवातीपासून बाटल्या उतरवा म्हणत होतो.

आपण बाटल्या ठेवल्या आणि फवारा मागवला.

तो संध्याकाळी मारला गेला. सकाळी फरशीवर मेलेल्या माशा होत्या. त्यांतल्या अनेकींची सोंड तोंडाबाहेर ताणलेली होती. विषाने मेलेली मधमाशी अशी दिसते. आमच्यातल्या मधपाळांनी त्या कागदावर घेतल्या, मोजल्या, पुड्या बांधल्या, तारखा घातल्या. पुड्या आमच्याकडे आहेत.

नंतर जलकुंभाखालचे आग्या मोहोळ जाळले गेले.

आग्या मोहोळाबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते कायमचे नसते. फुलोरा सरला, ऋतू पालटला की आग्या माशी पोळे सोडून निघून जाते. उंचावर, कुणाच्या हाताला न लागणाऱ्या जागी ते लोंबत असेल तर खाली दोरी बांधायची, पाटी लावायची, रात्री त्यावर दिवा मारायचा नाही आणि वाट पाहायची. एवढेच करायचे असते. आपल्याकडून तेवढेही झाले नाही.

त्या पोळ्यातला मध कुठे गेला? फवारा मारलेल्या परिसरातल्या त्या पोळ्यातला मध कुणी खाल्ला, की कुणी रस्त्यावर विकला? हा प्रश्न आम्ही विचारला आहे. उत्तर आलेले नाही.

आता शिंजिराकडे येऊ, कारण फलकावर पक्ष्यांचेच नाव आहे.

शिंजिराचे घरटे फांदीच्या टोकाला लोंबते. वाळकी पाने, काड्या, सालीचे तुकडे असा सगळा ऐवज तो कोळ्याच्या जाळ्याने बांधतो. जाळे नसेल तर घरटे उभे राहत नाही. पिल्ले अंड्यातून आली की त्यांना साखरपाणी चालत नाही. त्यांना कोळी आणि किडे लागतात. फवारा माशी पाहून थांबत नाही. तो जाळे मारतो, कोळी मारतो, अळी मारतो. ज्या झाडाखाली पक्ष्यांसाठी असा फलक आहे, त्याच झाडावर पक्ष्याच्या घराची दोरी आणि पिल्लाचे जेवण आपण पैसे देऊन संपवले.

शिंजीर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीतला पक्षी आहे. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याचे घरटे आणि अंडी यांना धक्का लावणेही येते. आपल्या विधी सल्लागारांना कलम २ चे पोटकलम १६ वाचायला सांगावे. छोटेच आहे.

आणखी एक. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, निफाड-चांदवडच्या बाजूला, शेतकरी कांद्याच्या डोंगळ्यांवर माशी यावी म्हणून गुळाचे पाणी फवारतो. माशी फिरली नाही तर बी भरत नाही. बी नाही तर पुढच्या वर्षीचा कांदा नाही. डाळिंबवालाही माशीची वाट पाहतो. त्याच जिल्ह्यात आपण आधी माशी बोलावता आणि मग मारता.

हे अज्ञानातून झाले असे म्हणायला जागा नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पोळे न मारता हलवणारी प्रशिक्षित माणसे याच राज्यात आहेत. त्यांचे संपर्क आम्ही आपल्याला लेखी दिले. आपल्या माणसाने त्या कागदावर दुसऱ्याच कामाचा हिशेब लिहिलेला आम्ही पाहिला.

आम्ही थांबलो.

साहेब बैठकीत आहेत, थांबलो. साहेब रजेवर आहेत, थांबलो. फाइल वर गेली आहे, थांबलो. फाइल खाली आली आहे, तरी थांबलो. नवे साहेब आले. त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले आणि पुन्हा थांबलो.

मोर्चा काढला नाही. घोषणा दिल्या नाहीत. आमच्यातल्या तरुणांना आवर घातला. ते सोपे नव्हते.

त्या काळात आम्ही स्वस्थही बसलो नाही. आमच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आम्ही काम करून पाहिले. बशीसारखे पसरट भांडे घेतले. छिद्रापासून पाणी बोटाच्या रुंदीएवढे खाली ठेवले. मधमाशीची सोंड सहा मिलिमीटरच्या आसपास असते. तिला ते पोचत नाही. शिंजिराची जीभ पोचते. भांडे सावलीत टांगले. पिवळा रंग खरवडून काढला. टांगायच्या तारेवर पाण्याची वाटी बसवली, मुंग्या तिथेच थांबल्या. पाणी रोज बदलले, भांडे गरम पाण्याने धुतले. एखादी माशी घुटमळू लागली की भांडे चार-पाच फूट सरकवले. पक्ष्याला ते लगेच सापडते, माशी काही काळ जुन्या जागीच शोधत राहते.

तारेला तेल किंवा व्हॅसलिन कुणालाही लावू दिले नाही. ते पिसांना लागले की पक्षी ते काढू शकत नाही. माशांसाठी वेगळी साखरेची थाळी ठेवू, असा सल्ला देणारेही भेटले. तो आम्ही मानला नाही. उघड्या थाळीवर अनेक पोळ्यांच्या माशा एकत्र येतात आणि रोगही एकत्र येतात. त्यांना खडे घातलेले साधे पाणी पुरते.

हे सगळे घरच्या पैशात झाले. फलक लावला नाही.

आणि खरे सांगायचे तर भांड्याचीही गरज नाही. जास्वंद लावा. अडुळसा लावा. शेवगा लावा. मोकळ्या भूखंडाच्या कडेला पांगारा आणि काटेसावर लावा. शिंजीर आपोआप येतो, आणि माशीला अख्खे झाड मिळाले की ती मुलांच्या घसरगुंडीपाशी घोटाळत नाही. आमच्या माळ्यांकडे रोपे तयार आहेत. मागितली असती तर दिली असती. अजूनही देऊ.

आता मागण्या. चर्चेसाठी नाहीत.

बाटल्या उतरवा. सगळ्या. एकाच दिवशी.

बागेत आणि जलकुंभाभोवती फवारा बंद. ज्याने मारला त्याचा परवाना, कोणते औषध, किती मारले, कोणाच्या सहीने मारले, हे सारे फलकावर लावा. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा आहे. परवान्याशिवाय हे काम करता येत नाही. परवाना असेल तर दाखवायला अडचण नसावी.

यापुढे पोळे दिसले तर आधी प्रशिक्षित मधपाळ, मग बाकी सगळे. रॉकेलचा बोळा घेतलेला माणूस शिडीवर चढलेला आम्हाला दिसता कामा नये.

मुदत पंधरा दिवस. हे पत्र आपल्या नोंदवहीत चढेल त्या दिवसापासून.

मुदत संपली की काय होईल, ते आधीच सांगणे आम्ही योग्य समजतो.

बाटल्या आम्ही उतरवू. पंचांसमक्ष, एकेक मोजून, एकही न फोडता. त्या आपल्या टेबलावर आणून ठेवू आणि पोच घेऊ.

पुड्यांतल्या माशा प्रयोगशाळेत जातील. अहवाल वर्तमानपत्रांना आणि न्यायालयाला एकाच दिवशी मिळेल.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाइप होऊन तयार आहेत. फवाऱ्याची निविदा, देयक, मोजमाप पुस्तक, एकेक कागद मागितला जाईल. कायद्याने तीस दिवस दिले आहेत. एकतिसाव्या दिवशी पहिले अपील दाखल होईल. आमच्यात निवृत्त लेखापाल आहेत. त्यांना वेळ भरपूर आहे.

जैवविविधता अधिनियम २००२ चा आहे. त्यानुसार जी समिती असायला हवी, ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तिच्यासमोर हा विषय आला का, हेही विचारले जाईल.

फवारणीची गाडी बागेत आली तर दारात आमची माणसे उभी असतील. ती हात उगारणार नाहीत. हलणारही नाहीत. कामगार वस्तीतली माणसे आहेत ही. तिन्ही पाळ्यांची सवय आहे. रात्रपाळीलाही माणूस कमी पडणार नाही.

आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, खड्ड्यात रोप धरून साहेबांच्या बाजूला उभे राहायला दरवर्षी आमच्यातले लोक बोलावले जातात. यंदा कुणी येणार नाही. रोपही येणार नाही. खड्डा आपला आपण भरावा.

यांतले काहीही करण्याची आम्हाला हौस नाही. आमची माणसे दिवसा यंत्रावर, दुकानात, शेतात असतात. कोर्टाच्या तारखा त्यांना परवडत नाहीत. तरी ती येतील. त्यांना विचारून झाले आहे.

आपल्याकडून कोणी बोलायला येणार असेल तर ज्याला सहीचा अधिकार आहे त्यानेच यावे. निरोप्या पाठवू नये. आश्वासन तोंडी असेल तर ते देण्याचे कष्ट घेऊ नयेत.

या पत्राची एक प्रत बागेच्या फाटकावर लावली आहे. फाडली गेली तर दुसरी लावली जाईल.

उत्तर लेखी द्यावे.

अंबड परिसरातील रहिवासी, माळी, मधपाळ व पक्षिमित्र यांच्या वतीने