आपली ती दीक्षा, त्यांचे ते आमिष?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट उतरला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. बाहेरच्यांना हे गाव माहीत आहे ते वाघ पाहायला जाण्याचा मुक्काम म्हणून. आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते वनहक्काच्या दाव्यांच्या कामासाठी त्या भागात गेलो होतो. चहाच्या टपरीवर एक कोरकू तरुण भेटला. त्याच्या घरातली माणसे प्रार्थनेला जातात. गावातल्या काही जणांनी त्यावरून त्यांच्याशी बोलणे टाकले आहे. आमच्या गळ्यातले निळे दुपट्टे बघून तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही धर्म बदलला तं क्रांती, अन आम्ही बदलला तं आमिष. हे कसं काय?"

आमच्यापैकी कुणालाही तिथे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

मित्रांनो, आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर "तांदळासाठी ख्रिस्ती झाले" असले मेसेज फिरतात आणि आपली पोरे ते पुढे पाठवतात. ज्यांच्या आजोबांना "सवलतींसाठी बौद्ध झाले" असे हिणवले गेले, त्यांनीच हे करावे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, हाच न्याय आपणही लावणार का?

धर्म बदलणाऱ्याला छळणे ही काही मेळघाटात सुरू झालेली गोष्ट नाही. ख्रिस्ती मंडळीचा अगदी सुरुवातीचा इतिहास वाचा. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्पै नगरातला एक प्रसंग आहे. एक दासी होती. तिच्या अंगात येई आणि ती भविष्य सांगे. त्या पैशावर तिचे मालक गब्बर झाले होते. पौलाने तिच्या अंगातला भूतात्मा काढला आणि मालकांचा धंदा बसला. त्यांनी पौल आणि सीला यांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेले. तक्रार काय केली? "आमचे उत्पन्न बुडाले" अशी नाही. हे परके लोक आमच्या रोमी रीतीरिवाजांविरुद्ध शिकवतात, शहरात गोंधळ माजवतात, अशी. दोघांना फटके मारून तुरुंगात टाकले गेले.

इफिस नगरात हेच घडले. तिथे देमेत्रिय नावाचा सोनार अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे करून विकत असे. त्याने सगळे कारागीर जमवले. आधी धंदा बुडेल असे सांगितले आणि मग देवीचा अपमान होतोय असे सांगितले. रस्त्यावर आलेल्या जमावाच्या तोंडी मात्र फक्त देवी होती. धंद्याचे नाव कुणीच घेतले नाही.

इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राट त्राजानला पत्र लिहितो. देवळे ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हते, अशी नोंद त्या पत्रात आहे. ख्रिस्ती लोक नेमके काय करतात हे काढून घेण्यासाठी त्याने दोघींचा छळ केला. त्या दोघी गुलाम स्त्रिया होत्या आणि मंडळीत सेविका म्हणून काम करत होत्या. ज्यांना साम्राज्यात माणूस म्हणून किंमत नव्हती, त्यांना त्या मंडळीत पद होते. व्यवस्थेला खुपले ते हेच. पुढे इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने सगळ्यांना देवांपुढे बळी देऊन तसा दाखला घेण्याची सक्ती केली. तुमची श्रद्धा कोणती हे सरकारी कागदावर सिद्ध करायचे!

हे वाचताना आपले वऱ्हाड आठवत नाही काय? भुमकाकडे जाणे बंद केले, देवाच्या कार्याची वर्गणी दिली नाही, की ते कुटुंब गावाच्या डोळ्यांत येते. वाद देवाचा आहे असे सांगितले जाते. प्रत्यक्षात प्रश्न असतो मानाचा, पैशाचा आणि माणूस आपल्या हाताखालून निसटतोय या भीतीचा. १९५६ नंतर ज्या महारांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, गावकीची कामे नाकारली, देव्हाऱ्यातले देव काढून टाकले, त्यांच्या बाबतीत गावोगाव हेच झाले. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीचे भोतमांगे कुटुंब बौद्ध होते, हे २००६ पासून आपण विसरलेलो नाही.

आता 'आमिष' या शब्दाकडे वळू. १४ एप्रिल १९५४ रोजी तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती आणि अमरावती, अकोल्यासह सारे वऱ्हाड त्याच राज्यात होते. म्हणजे मेळघाटही या चौकशीच्या कक्षेत होता. १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे त्या मिशनऱ्यांना परत पाठवा, धर्मांतरावर कायद्याने नियंत्रण आणा, अशा शिफारशी त्यात होत्या. पुढे १९६७ मध्ये ओरिसात आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशात जे कायदे झाले, त्यांना बळ देणाऱ्या विचाराचे मूळ या अहवालात आहे.

आणि त्याच वर्षी, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेणाऱ्यांमध्ये न्यायमूर्ती नियोगीही होते!

मी हे त्यांची टिंगल करायला सांगत नाही. इतरांच्या धर्मांतराकडे संशयाने पाहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या धर्मांतरासाठी कुणाची परवानगी घ्यावीशी वाटली नाही, एवढेच सांगायचे आहे. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतर करणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली आहे. बाबासाहेबांनी दीक्षेची तारीख जाहीर केली ती २३ सप्टेंबर १९५६ रोजी. दीक्षा झाली १४ ऑक्टोबरला. मध्ये एकवीस दिवस. ही अट तेव्हा असती तर? लाखो लोकांनी अर्ज घेऊन कचेरीपुढे रांगा लावल्या असत्या आणि अंगावरच्या एकाच लुगड्यानिशी आलेल्या मायमाऊलीला कारकुनाने विचारले असते, "बाई, तुला कुणी आमिष दाखवले?" फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही अशा कायद्याच्या विचारासाठी समिती नेमली. तेव्हा हा प्रश्न फक्त ख्रिश्चनांचा आहे अशा भ्रमात कुणी राहू नये.

शाळा आणि औषध हे आमिष असेल, तर मेळघाटात सरकारने ते आमिष आधी का दाखवले नाही? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनरी एलिचपूर-चिखलदऱ्याच्या मुलखात आले. त्यांच्यातल्या जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण छापले. ज्या भाषेला आपण 'जंगली बोली' म्हणत होतो, तिला व्याकरण आहे हे दाखवायला परका माणूस लागला.

'डीलिस्टिंग'वालेही याच रांगेतले. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा म्हणतात. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट होती. म्हणून बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले आणि दलित ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. जमातींच्या यादीत मात्र अशी अटच नाही, कारण जमात धर्मावर ठरत नाही. आणि जो कोरकू मेघनाद सोडून गणपती बसवतो, त्याला यादीतून काढा असे कुणी का म्हणत नाही?

याचा अर्थ चर्चला सगळे माफ, असा नाही. ज्या मंडळीने रोमचा मार खाल्ला, तिच्याच हाती इ.स. ३८० नंतर राजसत्ता आली आणि बारा वर्षांत जुन्या देवांची पूजा बंद करणारे हुकूम निघाले. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन चालले. चर्चमध्ये गेलेली जात तिथेही शाबूत राहिली, यावर बाबासाहेबांनी कठोर लिहिले आहे. म्हणूनच त्यांनी आपल्यासाठी बुद्ध निवडला. पण स्वतःसाठी एक वाट नाकारणे वेगळे आणि दुसऱ्याच्या वाटेवर काटे टाकणे वेगळे. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरमध्ये धर्मप्रसाराच्या हक्काला लोकनाथ मिश्रांसारख्या सदस्यांनी विरोध केला, तरी 'प्रसार' हा शब्द कलम २५ मध्ये राहिलाच. आणि जो पाद्री कोरकूंच्या देवांना सैतान म्हणतो, त्यालाही आपण खडसावले पाहिजे. बावीस प्रतिज्ञांनी आपण देव स्वतःपुरते नाकारले. शेजाऱ्याचे देऊळ फोडायला त्या सांगत नाहीत.

मग आपण करायचे काय? पहिले, 'तांदळासाठी' ही भाषा आपल्या ग्रुपवर बंद. दुसरे, प्रार्थनेला जाणाऱ्या कुटुंबाशी जमातीने व्यवहार तोडला, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार लिहून द्यायला, पोलीस ठाण्यात सोबत जायला आपण पुढे व्हायचे. तिसरे, वनहक्काच्या आणि पाण्याच्या लढ्यात देव मानणारा, येशू मानणारा आणि काहीच न मानणारा कोरकू एका सतरंजीवर बसला पाहिजे. ती सतरंजी आपण अंथरायची.

सेमाडोहच्या त्या भावाला मी आता उत्तर देतो: तुझाही निर्णय तुझाच. तो चूक की बरोबर, यावर आपण चहा पीत कितीही भांडू. पण त्यासाठी कुणी तुझे बोलणे, पाणी, मजुरी तोडली, तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू.

जय भीम! जय संविधान!