एकच लस, दोन न्याय

संकट ओसरले की त्याच्या आठवणीही ओसरतात, हा मनुष्यस्वभावच आहे. कोरोना महामारीचा काळही आता विस्मरणाच्या कप्प्यात जाऊ लागला आहे. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात काही प्रसंग असे असतात की, त्यांचा विसर पडणे परवडणारे नसते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनने भारतीय प्रवाशांसाठी केलेले प्रवेशनियम आणि भारताने त्यांना दिलेले उत्तर, हा असाच एक प्रसंग आहे. अवघ्या चार आठवड्यांत हे प्रकरण मिटले. पण त्या चार आठवड्यांत जे उघड झाले, त्याचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने केला आहे काय?

घटनाक्रम असा होता. ४ ऑक्टोबर २०२१ पासून आपले प्रवेशनियम सुटसुटीत करीत असल्याचे ब्रिटिश सरकारने १७ सप्टेंबरला जाहीर केले. ब्रिटन, युरोप, अमेरिका आणि अन्य सतरा देशांत लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या प्रवाशांना दहा दिवसांच्या विलगीकरणातून सूट मिळणार होती. या यादीत ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर होते, तसेच बार्बाडोस आणि ब्रुनेईही होते. भारत मात्र नव्हता. म्हणजे दोन्ही मात्रा घेतलेला भारतीय हा ब्रिटनच्या लेखी लस न घेतलेला माणूस ठरला. त्याने प्रवासापूर्वी चाचणी करायची, तेथे पोहोचल्यावर दहा दिवस कोंडून घ्यायचे आणि पुन्हा दोन चाचण्या करायच्या! विद्यापीठांची सत्रे सुरू होण्याचा तो काळ. कर्ज काढून मुलांना परदेशी शिक्षणासाठी पाठविणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना हा फटका थेट बसला.

पुण्याची लस, लंडनची शंका

आता यातील विसंगती पाहा. कोविशील्ड ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अॅस्ट्राझेनेका यांनी विकसित केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच तिला आपत्कालीन वापराच्या यादीत स्थान दिले होते. एवढेच नव्हे, तर स्वतः ब्रिटनने मार्च २०२१ मध्ये याच सीरमकडून पन्नास लाख मात्रा घेतल्या आणि आपल्या नागरिकांना टोचल्या. पुण्यात तयार झालेली लस लंडनमध्ये दंडात टोचली, तर ती संरक्षण देते. तीच लस पुण्यातच टोचली, तर तिचा गुण नाहीसा होतो! वैद्यकशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात हा सिद्धान्त सापडतो?

तेव्हाच्या परराष्ट्र सचिवांनी या नियमाला भेदभावपूर्ण ठरविले. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी न्यूयॉर्क येथे ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांपुढे हा विषय मांडला. २२ सप्टेंबरला ब्रिटनने कोविशील्डचे नाव मान्य लसींत घातले. पण भारतीयांचे विलगीकरण कायम ठेवले. आता आक्षेप लसीवर नव्हता, तर प्रमाणपत्रावर होता. भारताच्या कोविन प्रमाणपत्रावर क्यूआर संकेत होता आणि तो कोणालाही तपासता येत होता. परंतु त्यावर पूर्ण जन्मतारखेची नोंद नव्हती. भारताने ती सोयही तातडीने करून दिली. तरीही दार उघडेना.

भारतातील रुग्णसंख्येची भीती होती म्हणावे, तर तेही टिकणारे नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये रोज तीस हजारांच्या आसपास नवे रुग्ण आढळत होते. भारतातही आकडा साधारण तेवढाच होता. पण भारताची लोकसंख्या ब्रिटनच्या वीसपट आहे! तेव्हा प्रश्न विषाणूचा नव्हता. कोणाच्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि कोणाच्या नाही, याचा तो प्रश्न होता.

निर्बंध हवेत, भेद नको

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साथीच्या काळात सीमेवर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार वेगाने पसरू लागला, तेव्हा भारतानेही तेथून येणारी विमाने काही काळ थांबविली होती. तो निर्बंध साथीसाठी होता आणि विमान कोणाचे, प्रवासी कोणत्या देशाचा, असा भेद त्यात नव्हता. याउलट मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने काय केले? भारतात असलेल्या आपल्याच नागरिकांनी मायदेशी परतणे हा गुन्हा ठरविला आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा जबर दंडाची तरतूद लागू केली. यापूर्वी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साथीने कहर केला होता, तेव्हा तेथून परतणाऱ्यांच्या नशिबी अशी कारावासाची धमकी आली नव्हती.

महाराष्ट्राला तर हा भेद नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि युरोपातील देशांनी भारतातून येणाऱ्या जहाजांवर बंधने आणण्याचा धोशा लावला. त्याच दडपणाखाली ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत घुसले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. त्या अत्याचाराची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कशी झाली, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो.

परंतु त्या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लोकमान्य टिळकांनी रोगप्रतिबंधक उपायांना विरोध केला नाही. पुण्यातील अनेक प्रतिष्ठित गाव सोडून गेले असता ते पुण्यातच राहिले आणि हिंदू रुग्णांसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढे झाले. त्यांचा विरोध उपायांना नव्हता, तर त्या निमित्ताने होणाऱ्या अवमानाला होता. आरोग्याचे नियम पाळायचे, पण त्यांच्या आडून होणारा अपमान सोसायचा नाही, हा विवेक लोकमान्यांनी आपल्याला शिकविला आहे. २०२१ मधील भारताची भूमिका याच परंपरेतील होती.

जशास तसे, आणि त्यापुढे

१ ऑक्टोबर २०२१ रोजी भारताने परस्परतेच्या तत्त्वानुसार उत्तर दिले. ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश नागरिकाने, लस घेतलेली असो वा नसो, प्रवासापूर्वी, विमानतळावर आणि आठव्या दिवशी चाचणी करावी आणि दहा दिवस विलगीकरणात राहावे, असा आदेश निघाला. परिणाम काय झाला? आदेश लागू झाल्यावर तीनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला ब्रिटनने माघार जाहीर केली. ११ ऑक्टोबरपासून कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांना विलगीकरणातून सूट मिळाली आणि भारतानेही १३ ऑक्टोबरला आपला आदेश मागे घेतला. जे अर्जविनंत्यांनी दोन आठवड्यांत झाले नाही, ते ठाम भूमिकेने आठवडाभरात झाले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ९६ देशांनी भारताशी लसीकरणाची परस्परमान्यता केली होती.

याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमानाच्या भरात आत्मपरीक्षण विसरू नये. भारताचे बाहू बळकट असल्यामुळे हे साधले. मोठी बाजारपेठ, मोठा लस उत्पादक आणि जानेवारी २०२१ पासून राबविलेली ‘लसमैत्री’ हे आपल्या पाठीशी होते. परंतु दर वेळी जशास तसे करून मान मिळवावा लागणे, हे बलिष्ठ राष्ट्राचे अंतिम ध्येय असू शकत नाही. आपल्या कागदावरचा शिक्का पाहताच जगाने विश्वास ठेवावा, ही खरी प्रतिष्ठा होय.

ती प्रतिष्ठा भाषणांनी मिळत नाही. हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने तयार केलेली कोव्हॅक्सिन ही खऱ्या अर्थाने स्वदेशी लस. देशात तिला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली, पण तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वी. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळण्यास ३ नोव्हेंबर उजाडला. तिच्या संशोधनाची गुणवत्ता आपल्याला ठाऊक होती. पण ती जगापुढे वेळेत आणि संपूर्ण पुराव्यानिशी मांडण्यात आपण मागे पडलो. त्या दहा महिन्यांत कोव्हॅक्सिन घेतलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना परदेशांच्या दारात ताटकळावे लागले. तो सर्वस्वी परक्यांचा दोष नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या लसनियामक यंत्रणेला तिसऱ्या परिपक्वता स्तरावर असल्याची पावती दिली. ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यावर चौथा स्तर आहे. दक्षिण कोरिया आणि सिंगापूरसारख्या लहान देशांना २०२३ मध्येच संघटनेच्या मान्यताप्राप्त नियामकांच्या यादीत स्थान मिळाले. जगाला लस पुरविणाऱ्या भारताने तेथे का असू नये?

जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत दुरुस्त्या झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. मे २०२५ मध्ये जागतिक महामारी कराराचा मसुदाही संमत झाला. पुढची साथ येईल तेव्हा दारावरचे नियम याच चौकटीत ठरतील. त्या चौकटीत भारताचा आवाज किती खणखणीत असेल, हे आजच्या आपल्या तयारीवर अवलंबून आहे. औषधनियमनाचे शास्त्र, साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र या शाखांकडे आपली हुशार मुले वळली पाहिजेत. अभियांत्रिकी आणि परदेशी नोकरी याच दोन वाटा घरात चर्चेला येतात, त्यात ही तिसरी वाट आली पाहिजे. कार्यकर्त्यांनीही महामारीत जे सेवाकार्य केले, त्याची व्यवस्थित नोंद ठेवण्याची सवय लावून घेतली पाहिजे. नोंद नसलेले काम जग मानत नाही.

२०२१ मध्ये ब्रिटनचे दार भारताने ठणकावून उघडायला लावले. पुढच्या वेळी ठणकावण्याची गरजच पडू नये, इतके निर्दोष काम आपल्या प्रयोगशाळांत आणि कार्यालयांत झाले, तर ती खरी सीमेवरची विजययात्रा ठरेल.