घामाचं श्रेय आणि घामाची सबब

भिवंडीजवळच्या वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली, त्याला बराच काळ लोटला. मे महिन्यात त्या पत्र्याखाली कंटेनर खाली करणाऱ्या हमालांबद्दल कुणी काळजीचा शब्द काढला, की ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यांना काही होत नाही, त्यांच्या रक्तातच आहे ते.’ बोलणारा शिकलेला असेल तर रक्ताऐवजी ‘जीन्स’ म्हणतो. मतलब तोच.

आता जीन्सच काढले आहेत, तर नीट काढू. माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. त्यांतल्या जेमतेम दीड टक्क्यात प्रथिनांचा मजकूर आहे. उरलेल्याला ‘अडगळ’ म्हणायची रीत सुसुमू ओनो यांच्या १९७२च्या लेखापासून रूढ झाली. पण घामाचं मूळ शोधायला गेलं, तर त्याच अडगळीत शिरावं लागतं. आपल्या त्वचेत घामग्रंथींची दाटी चिंपांझीच्या जवळजवळ दसपट आहे. ती कशी आली? २०२१मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या याना कांबेरोव्ह यांच्या गटानं ‘ईसीई१८’ नावाचा एक तुकडा पुढे आणला. त्यापासून एकही प्रथिन बनत नाही. गर्भाच्या त्वचेत घामग्रंथी घडवणारं ‘ईएन१’ हे जनुक किती जोमानं चालावं, एवढंच तो ठरवतो. मानवी वंशात त्या तुकड्यात एकामागून एक बदल साचत गेले. मानवी तुकडा उंदरांत बसवल्यावर त्यांच्या त्वचेतलं ते जनुक जास्त जोरात चालू लागलं. म्हणजे घाम गाळायची ही देणगी अवघ्या माणूसजातीची आहे. हमालाकडे आहे तीच एसी केबिनमधल्या मालकाकडेही. तो ती वापरत नाही, एवढंच.

पण म्हणून सगळी अडगळ सोन्याची ठरत नाही. २०१२मध्ये ‘एन्कोड’ प्रकल्पानं ऐंशी टक्के डीएनए कामाचा असल्याचं जाहीर केलं, तेव्हा उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ डॅन ग्राउर यांनी पुढच्याच वर्षी त्यावर झोड उठवली. रासायनिक हालचाल दिसली म्हणजे उपयोग सिद्ध झाला असं नव्हे. मला ग्राउर यांचंच पटतं.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दाही टाळायला नको: प्रदेशाप्रमाणे फरक असतातच की! असतात. थंडी ओळखणाऱ्या ‘टीआरपीएम८’ जनुकाशेजारचा एक बदल नायजेरियात पाच टक्के, तर फिनलंडमध्ये अठ्ठ्याऐंशी टक्के आढळतो, आणि त्याचं नातं अर्धशिशीशी आहे. पण त्यावरून पन्नास किलोची गोणी उन्हात कुणी उचलावी हे ठरत नाही.

अडगळीतला बदल शरीरावर परिणाम करतो, याचं आणखी एक उदाहरण आहे: ‘एफटीओ’ जनुकाच्या प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागातलं एक अक्षर बदललं, की दूरची दोन जनुकं जागी होतात आणि चरबीच्या पेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी साठा करू लागतात, हे २०१५मध्ये उलगडलं. त्याआधी, २००९मध्ये, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी संबंध दाखवला होता, आणि तो लठ्ठपणानं पूर्णपणे उलगडत नाही, हेही. पुण्यातला हा निष्कर्ष आपल्याकडे रक्ताच्या गप्पांइतका पसरला नाही.

उरला घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! खाडीकडच्या दमट हवेत, दार सोडून कुठूनही वारा न येणाऱ्या कंटेनरात, हनुवटीवरून खोक्यावर टपकलेला थेंब शरीर थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ संपवतो. ग्रंथींची तीच दाटी तिथे माणूस कोरडा करते.

‘सवय आहे त्यांना’ यात थोडं सत्य आहे, पण ती सवय जन्माची नाही. ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. आजारपणात महिनाभर पंख्याखाली काढला, की ती सवय उतरते. त्यामुळे आजारातून उठलेल्या किंवा नव्यानं भरती झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण गाडी खाली करायला लावणाऱ्या मुकादमाला जीन्सचा आधार घेता येणार नाही. त्यानं पहिला आठवडा अर्धी गाडी द्यावी, आणि मालकानं आधी पंखे लावावेत.